वस्तू हातात, माहिती मोबाइलवर



मदतकार्य करणाऱ्या संस्थांचा, महिला मंडळांचा आता व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. 'सुप्रभात' तिथे रोज येतं, कामाची माहिती मात्र क्वचित. 'तुमचा अनुभव लिहा' म्हटलं की सगळ्या गप्प. अनुभव असतो, पण लिहायला सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. अशा वेळी आधी हातात वस्तू द्यावी.

उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मिनिटाला ५०-६० श्वास मोजणं निरक्षर बाईला कठीण. मग मण्यांची चौकट आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आलं. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर धोका! डॉक्टरांचं ज्ञान असं सुईणीच्या बोटांत आलं.

आपल्याला उलट वाटेने जायचं आहे. बाईच्या हातातलं ज्ञान मोबाइलमध्ये न्यायचं आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी आसपासच्या गावांत शिरलं. अशा वेळी कोणी काय केलं, हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत विसरायला होतं.

म्हणून बैठकीत मधोमध तीन वस्तू ठेवा: पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनची बाटली, दोरी आणि टॉर्च. जिने जी वापरली, तिने ती उचलावी आणि दोन मिनिटं बोलावं. किती पाण्यात किती थेंब टाकले? किती वेळ थांबलात? अडचण काय आली? शेजारणीने मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करावा. औषधाचं प्रमाण आशाताईंकडून तपासून घ्यावं. आजारी माणसाचं किंवा बाळाचं नाव, फोटो त्यात नको.

रेकॉर्डिंग नुसतं ग्रुपवर टाकलं, तर चार दिवसांत खाली जातं. ते गूगल ड्राइव्हवर वस्तूच्या नावाने ठेवा. त्याचा क्यूआर कोड छापून त्याच वस्तूवर चिकटवा. दुकानात पैसे देताना धरतो तसा मोबाइल धरला, की आवाज ऐकू येईल. नेटवर्क नसेल त्या वेळेसाठी मुख्य सूचना कागदावर लिहून सोबत बांधा.

मग माहीतगार बाई त्या रात्री माहेरी गेलेली असली, तरी गावाचं काम अडणार नाही.