रस्ता बर्फापर्यंत गेला, चालक मागेच राहिला

डिसेंबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात मनालीच्या वर, सोलंग आणि अटल बोगदा यांच्या दरम्यान बर्फ पडू लागला आणि सुमारे एक हजार वाहने जागच्या जागी अडकून पडली. पोलिसांनी आणि स्थानिक लोकांनी रात्र जागून प्रवाशांना खाली आणले. वृत्तपत्रांत दोन दिवस छायाचित्रे आली आणि विषय संपला. वास्तविक तो संपण्याजोगा नव्हता. त्या भागातून दर हिवाळ्यात अशा चित्रफिती येतात. गाडीचा ब्रेक दाबलेला आहे, चाके पुरती थांबलेली आहेत आणि तरीही गाडी उतारावरून सावकाश, माणसाच्या चालीने, दरीच्या बाजूला सरकते आहे. आत बसलेला मनुष्य वेगाने गाडी हाकणारा उनाड तरुण असतो असेही नाही. पुष्कळदा तो वीस-पंचवीस वर्षे बिनअपघात गाडी चालवलेला, कुटुंबवत्सल गृहस्थ असतो.

हे प्रकार आताच एवढे का वाढले? कारण साधे आहे. रोहतांग खिंड १३,०५८ फूट उंचीवर आहे. पूर्वी नोव्हेंबरच्या सुमारास ती बंद होई ती वसंत ऋतूपर्यंत उघडत नसे आणि लाहौलचे खोरे तेवढे महिने जगापासून तुटलेले राही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला. लाहौलच्या रुग्णांना, विद्यार्थ्यांना आणि बटाटा-वाटाणा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना त्याने दिलेला दिलासा शब्दांत सांगण्यासारखा नाही. काश्मीरच्या बाजूची ११,५७५ फुटांवरील झोजी ला खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२५ मध्ये सीमा सडक संघटनेने ती अवघ्या ३२ दिवसांत पुन्हा खुली केली. १९६० साली स्थापन झालेल्या या संघटनेचे ऋण मोठे आहे. परंतु जो रस्ता पूर्वी बंद राहून मैदानी प्रवाशाला बर्फापासून आपोआप दूर ठेवी, तो आता उघडा राहून त्याला थेट बर्फात नेऊन सोडतो. मागे राहिली आहे ती चालकाची तयारी.

या पानाच्या वाचकांपैकी अनेकजण रजा प्रवास सवलत घेऊन नाताळच्या सुटीत कुलू-मनालीकडे जात असतील. कोणी चंदीगडहून भाड्याची गाडी घेतो, तर कोणी पुण्याहून स्वतःची गाडी हाकत जातो. आपल्याला घाटाचे भय नसते. वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली हे घाट भर पावसात आणि धुक्यात उतरलेला चालक कोणत्याही डोंगराला भीत नाही आणि तो अभिमान अस्थानी आहे असेही मला वाटत नाही. पण पावसाच्या रस्त्याने शिकवलेले बर्फाच्या रस्त्यावर पुरत नाही, कधी कधी तर ते उलट अंगावर येते.

शाळेत शिकलेले घर्षण येथे आठवावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणगुणक साधारण ०.७ असतो. दबलेल्या बर्फावर तो पाव भागाच्या आसपास येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली घसरतो. गणित मांडून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर ९ मीटरांत थांबते. दबलेल्या बर्फावर तिला २५ मीटर लागतात आणि गोठलेल्या थरावर ६० मीटरांहून अधिक. गोठलेल्या रस्त्यावरचे ताशी २० म्हणजे आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचे ताशी ५० होय, असे मनाशी धरून चालावे. हेही सपाट रस्त्याचे झाले. दहा मीटरांना एक मीटर असा उतार असेल आणि घर्षणगुणक ०.१ असेल, तर गाडीला खाली ओढणारे बल आणि तिला धरून ठेवणारे बल जवळपास सारखेच होते. मग ब्रेक कितीही दाबा, गाडी थांबत नाही. चित्रफितीतल्या त्या गृहस्थाचे हेच होते. ब्रेकने चाक थांबते. गाडी थांबवायची असते ती रस्त्याने.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या महागड्या गाड्यांविषयी येथेच एक गैरसमज दूर करायला हवा. चार चाकांची शक्ती गाडी हलवण्यासाठी आणि चढवण्यासाठी उपयोगी पडते. थांबण्यासाठी तिचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक तर छोट्या गाडीलाही चारही चाकांवर असतात. उलट अशी गाडी बर्फात सहज पुढे जाते म्हणून चालकाला रस्ता निसरडा आहे हेच उशिरा कळते. नव्या गाड्यांतील एबीएस यंत्रणा चाके अडकू देत नाही, त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. मात्र भुसभुशीत बर्फात तिच्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते.

पांढरा बर्फ निदान दिसतो. अधिक घातक असतो तो न दिसणारा. दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर वाहते आणि सूर्य डोंगराआड गेला की त्याच पाण्याची काचेसारखी पातळ पापुद्री होते. तिच्यातून खालचे काळे डांबर दिसत असल्याने रस्ता नुसता ओला वाटतो. डोंगराच्या सावलीतील वळणे, देवदारांखालचा रस्ता आणि पूल ही तिची आवडती ठिकाणे. पुलाला वरून तसा खालूनही वारा लागतो, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो. एरवी ओल्या रस्त्यावर टायरचा सळसळता आवाज येतो. तो एकाएकी बंद झाला, तर खाली पाणी नसून बर्फ आहे असे समजावे.

आता वाहनाकडे वळू. आपल्याकडचे नेहमीचे टायर उन्हाळी रबराचे असतात. तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की ते कडक होऊ लागतात आणि रस्त्याला चिकटून राहण्याचा गुण गमावतात. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला चावून धरतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, अशी त्यावर खूण असते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात हिवाळ्याच्या महिन्यांत असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत, स्वीडनमध्ये हिवाळ्याच्या महिन्यांत आणि जर्मनीत रस्ता बर्फाळ असेल तेव्हा सक्तीचे आहेत. आपल्या बाजारात ते सहजी मिळत नाहीत. निदान आहेत ते टायर तरी झिजलेले नसावेत. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटर असली की आपला नियम समाधान पावतो. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर लागतात. मुंबईच्या पावसात आणखी एक वर्ष चालेल म्हणून ठेवलेला टायर घेऊन सोलंगला जाऊ नये.

हिवाळी टायर नसतील तर उरतात साखळ्या. चिखलात आणि बर्फात चाकांना दोर गुंडाळणारे मोटारवाले पाहून न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याला ही युक्ती सुचली आणि १९०४ साली त्याने तिचे पेटंट घेतले. मनालीत साखळ्या भाड्याने मिळतात, लावूनही दिल्या जातात. पण त्या कोणत्या चाकांना लावायच्या हे आपल्याला ठाऊक असावे. इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते त्यांना, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना. मागच्या चाकांवर साखळ्या आणि पुढची मोकळी फिरताहेत, असे विनोदी दृश्य मी स्वतः पाहिले आहे. साखळी लावून ताशी ३०-४० च्या पुढे जाऊ नये आणि कोरडा रस्ता लागताच ती काढावी. घरून निघण्यापूर्वी अंगणात एकदा ती लावून पाहिलेली असावी. बधिर बोटांनी, अंधारात, उतारावर पहिला धडा गिरवणे जमत नाही.

इंजिनाकडे तर आपले दुर्लक्षच असते. आपल्या उष्ण मुलखात रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे. ते पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनाच्या लोखंडालाही तडा देते. ग्लायकोलयुक्त कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते मिश्रण उणे ३५ अंशांच्या खाली जाईपर्यंत गोठत नाही. बॅटरीची ताकद कडाक्याच्या थंडीत निम्म्यावर येते, त्यामुळे पुण्यात जेमतेम चालणारी जुनी बॅटरी तेथे पहाटे मुकी होते. डिझेलची कथा याहून वेगळी. त्यातील मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. लडाखच्या रस्त्यावर टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा जिवावरचा उद्योग ट्रकचालक त्यापायीच करीत आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. मैदानात भरलेल्या टाकीत ते नसते, हे डिझेल गाडीवाल्याने ध्यानात ठेवावे.

एका जानेवारीत सिस्सूहून परतताना माझा चालक लाहौलचा होता. चाळिशीतला, अबोल मनुष्य. डिक्कीत फावडे, वाळूची गोणी, दोन दगड आणि जुनी घोंगडी. सकाळी त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हलवली. पहिल्यात चाकाला जोर फार मिळतो आणि ते जागीच फिरते, असे त्याने विचारल्यावर सांगितले. उतारावर लागण्यापूर्वीच त्याने खालचा गिअर घेतला आणि पुढे ब्रेकला क्वचितच पाय लावला. वळणाच्या अगोदर वेग कमी करी, वळणात काहीच करीत नसे. पुढच्या गाडीपासून एवढा मागे राही की मधल्या जागेत दिल्लीच्या तीन गाड्या घुसल्या. त्याने पुन्हा तेवढेच अंतर पाडले. गाडी उभी करताना हातब्रेक लावला नाही, कारण ओला हातब्रेक गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून चाकांखाली ते दोन दगड लावले. एका वळणावर गाडीचे मागचे अंग घसरले तेव्हा त्याने अॅक्सिलरेटर सोडला, ब्रेकला स्पर्श केला नाही आणि मागचा भाग ज्या बाजूला जात होता त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच फिरवले. सगळे दोन श्वासांत झाले. मला मात्र आपल्याकडचे, पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे चालक आठवत राहिले.

हे कौशल्य जन्मजात नसते, ते शिकवता येते. स्वीडनमध्ये निसरड्या पट्ट्यावर प्रत्यक्ष गाडी चालवून पाहिल्याशिवाय मोटारीचा परवाना मिळत नाही. आपल्याकडे चढावर गाडी थांबवून पुन्हा हलवून दाखवली की डोंगराची परीक्षा संपते, आणि तोच परवाना चौपाटीवरही चालतो आणि झोजी ला खिंडीतही. साऱ्या देशाला हिमशिक्षण द्यावे असे कोणी म्हणणार नाही. पण बर्फ पडत असताना सोलंगच्या नाक्यावर परराज्यातील गाडीचे टायर आणि साखळ्या पाहणे, त्या नसतील तर प्रवाशांना स्थानिक चालकाच्या गाडीत बसवणे, यात अशक्य काय आहे? स्थानिकांना त्यातून रोजगारही मिळेल. आपल्या प्रवासी कंपन्यांनी हिवाळी सहलीच्या पत्रकात लोकरी टोपीबरोबर या गोष्टींचाही उल्लेख करावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

अडकलेल्या गाडीत काय होऊ शकते याचे उदाहरण शेजारच्या देशात आहे. पाकिस्तानातील मरी हे सुमारे साडेसात हजार फुटांवरचे थंड हवेचे ठिकाण. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ पाहायला मैदानी शहरांतून हजारो गाड्या तेथे लोटल्या आणि ७ तारखेच्या रात्री हिमवादळात सापडल्या. किमान २२ माणसे गाड्यांतच मरण पावली, त्यांत लहान मुलेही होती. काही थंडीने गेली असतील. पण बर्फात रुतलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवले की धूर सोडणारी मागची नळी बर्फाने बुजते आणि कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, झोप मात्र येते. म्हणून गाडी अडकली तर ती सोडून अंधारात चालत निघू नये. तासातून दहा मिनिटे इंजिन लावावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. मागच्या नळीभोवतीचा बर्फ फावड्याने काढण्याचे काम दर वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वी करायचे असते, मग बाहेर कितीही वारा असो.