एकतर्फी कैफियत
भावाभावांतील वाटणीचा तंटा रात्री अकरा वाजता चॅटबॉटला (अफाट मजकुरावरून संभाव्य शब्द जुळवीत उत्तर देणाऱ्या संगणकप्रणालीला) सांगितला आणि त्याने ‘तुमचे बरोबर आहे’ म्हटले, की निःपक्ष निवाडा मिळाल्याचा समज होतो. तो स्वाभाविक असला, तरी यथार्थ नव्हे. कचेरीबाहेरचा अर्जनवीस अर्जदाराची कैफियत सुवाच्य अक्षरांत उतरवितो, परंतु विरुद्ध पक्षाचा जबाब त्याच्यापुढे येतच नाही, तसेच हे. शिवाय विचारणाऱ्याला रुचेल तेच बोलण्याकडे या प्रणालीचा कल असतो. मन मोकळे करण्यास किंवा थोरल्या भावाला लिहावयाच्या अवघड पत्राचा मसुदा करण्यास तिचा उपयोग खराच. मात्र हीच हकीकत थोरल्याच्या बाजूने मांडावयासही तिला अवश्य सांगावे. पण गोष्ट वाटणीच्या तंट्यापुरती न राहता घरात स्त्रीला मारहाण होत असेल तर १८१, आणि मन खचले असेल तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६, हे क्रमांक विनाविलंब फिरवावेत.