तीन थर गप्प, चौथा बोलला

चिंगे, ती पक्कड खाली ठेव आणि इकडे बस. तांब्यातून वीज जाते, वरच्या प्लॅस्टिकमधून जात नाही, हे तुला पाठ आहे. मग सांग, वीज न वाहणारे दोन पदार्थ एकावर एक ठेवले तर?

"नाहीच वाहणार, आजोबा!"

मीही हेच उत्तर दिलं असतं. पण ऐक.

असे दोन खडे होते. एक स्ट्रॉन्शियम टायटॅनेट. हा मोठा नटवा! 1950 च्या दशकात खोटा हिरा म्हणून अंगठीत बसायचा. रंगांची उधळण अस्सल हिऱ्याहून जास्त, पण अंगानं मऊ, लगेच चरे पडायचे. दुसरा लँथनम ॲल्युमिनेट. दोघेही विजेचे पक्के दुर्वाहक.

2004 साली अकिरा ओटोमो आणि हॅरल्ड ह्वांग यांनी पहिल्याच्या पाठीवर दुसऱ्याचा पातळ लेप चढवल्याचं जाहीर केलं. लेप म्हणजे भिंतीला चुना फासणं नव्हे हो. लेसरच्या झोतानं पदार्थ उडवायचा आणि अणूंचा एकेक थर खाली बसू द्यायचा. आणि काय, सांध्यातून वीज वाहू लागली!

आता विचारशील, इलेक्ट्रॉन आले कुठून? पहिल्या खड्याचे थर ना धन, ना ऋण. दुसऱ्याचा मात्र एक थर धन, पुढचा ऋण, पुन्हा धन. अशा जोड्या चढत गेल्या की विजेचा ताण वाढतो, दहीहंडीत थर चढतील तसा खालच्यांच्या खांद्यांवर येतो ना, तसाच. शेवटी तो सोसत नाही आणि वरचे काही इलेक्ट्रॉन उतरून सांध्याशी येतात. तिथे टायटॅनियम बसलेला असतो. तो पाहुणा ठेवून घेतो, +4 चा +3 व्हायला त्याची ना नसते. ॲल्युमिनियम असलं काही ऐकून घेत नाही. हिशेब बसतो तो अणूंच्या दर दोन घरांमागे एक इलेक्ट्रॉन असा.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही, बरं का. खड्यात ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहिल्या तरी इलेक्ट्रॉन सुटतात. मला विचारशील तर दोन्हींत तथ्य आहे.

जर्मनीत ऑग्सबुर्गच्या संशोधकांनी 2006 मध्ये थर मोजूनच पाहिले. धन-ऋण जोडी म्हणजे एक थर. तीन थरांपर्यंत काही नाही, चौथा चढला की वीज वाहते. चार थर म्हणजे जेमतेम दीड नॅनोमीटर! आणि खालच्या खड्याचा शेवटचा थर टायटॅनियमऐवजी स्ट्रॉन्शियमचा आला, की सगळं मुसळ केरात. दुसऱ्याच वर्षी निरपेक्ष शून्याच्या अगदी तोंडाशी थंड केल्यावर हाच सांधा अतिवाहक झालेला दिसला.

मला सगळ्यात आवडतो तो पिट्सबर्गच्या जेरेमी लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2008 चा खेळ. त्यांनी तीनच थरांचा खडा घेतला, म्हणजे अगदी काठावर बसलेला. त्यावरून सूक्ष्म टोकाची सुई धन व्होल्टेज देऊन फिरवली. सुई गेली तिथे खाली वीज वाहणारी रेघ उमटली, काही नॅनोमीटर रुंदीची. ऋण व्होल्टेज देऊन फिरवली की रेघ पुसली. तुझी पाटीच म्हण ना! फक्त उघड्या हवेत ती रेघ हळूहळू आपणहून पुसट होते, निर्वातात ठेवली तर टिकते.