भरती-ओहोटीची वेळ

आपल्या फुलचूरपासून समुद्र फार लांब. पण हल्ली तरुण पोरं पाठीवर पिशवी टाकून कोकणात जातात, समुद्रकाठच्या गावी मुक्काम करतात. त्यांच्यासाठी आम्ही हे सांगतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तिथं पायी जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली जाते. मग होडीच लागते. पाण्यात शिरलात, तर जिवावर बेतेल.

भरती केव्हा येते? चंद्र समुद्राचे पाणी ओढतो, म्हणून तिथीवरून वेळ कळते. त्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करतात. आज चतुर्थी असेल, तर चारांची पाऊणपट तीन. म्हणजे भरती ३ च्या सुमारास. ओहोटी सहा तास आधी, सकाळी ९ ला.

हा झाला अंदाज. म्हणून निघण्याआधी तिथल्या कोळी बांधवांना विचारावे. ते 'थांबा' म्हणाले, तर थांबावे.