काशीची हरवलेली सरोवरे : सायकल आणि नावेतून एक जलयात्रा

काशी म्हटले की गंगा, घाट आणि श्रीविश्वेश्वराचे मंदिर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. एल.एफ.सी. घेऊन उत्तरेच्या यात्रेस निघालेले आपले सहकारी काय किंवा सहकुटुंब जाणारे ग्राहक काय, बहुधा दोन दिवसांत स्नान, दर्शन व सायंआरती आटोपून प्रयाग-अयोध्येकडे रवाना होतात. परंतु दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत काशी हे केवळ नदीकाठचे नव्हे, तर तळ्यांचेही शहर होते आणि मोठ्या पुरात त्याचा काही भाग चक्क बेट बनत असे. या जुन्या काशीच्या खुणा आजही सापडतात. त्या शोधण्यासाठी दोन साधने पुरेशी आहेत : गल्ल्यांसाठी सायकल आणि गंगेसाठी नाव.

तीन उंचवटे आणि त्यांमागील तळी

वरुणा आणि असी या दोन प्रवाहांच्या दरम्यान, गंगेच्या उंच काठावर हे नगर वसले आहे. उत्तरेस ओंकारेश्वर, मध्यभागी विश्वेश्वर आणि दक्षिणेस केदारेश्वर असे त्याचे तीन उंचवटे परंपरेने मानले जातात. काठ उंच आणि त्यामागील भूमी सखल, अशी रचना असल्याने पावसाचे पाणी थेट नदीत न जाता मागील खोलगटांत साठे. त्यातूनच मत्स्योदरी, मंदाकिनी, वेणी अशी तळी निर्माण झाली. ती भरली की जादा पाणी ओहळांवाटे गंगेला मिळे.

गंगेला मोठा पूर आला म्हणजे हा क्रम उलटत असे. नदीचे पाणी वरुणेच्या मुखातून आत शिरे, मत्स्योदरी तुडुंब भरे आणि ओंकारेश्वराचा उंचवटा पाण्याने वेढला जाई. या दुर्मिळ घटनेला ‘मत्स्योदरी योग’ म्हणत व त्या वेळचे स्नान विशेष पुण्यप्रद मानले जाई. आज ज्याला आपण आपत्ती म्हणू, त्यालाच त्या काळच्या लोकांनी पर्वणीचे रूप दिले होते; कारण पाण्याला पसरायला जागा राखून ठेवलेली होती.

ही व्यवस्था पालटली ती एकोणिसाव्या शतकात. बनारसच्या टाकसाळीत नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी म्हणून जेम्स प्रिन्सेप 1820 साली येथे आला. पुढे ब्राह्मी लिपी उलगडून कीर्ती मिळवणारा विद्वान तो हाच. त्याने 1822 मध्ये शहराचा बारकाईने नकाशा तयार केला आणि मत्स्योदरीचे पाणी भुयारी मार्गाने गंगेत सोडण्याचे काम हाती घेतले. साचलेल्या पाण्याची दुर्गंधी व रोगराई नाहीशी व्हावी, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु कालांतराने तळ्यांच्या जागी बागा, बाजार व वस्ती आली आणि पाणी साठवण्याची नैसर्गिक सोय मात्र लोपली.

सायकलवरून : नावांत उरलेले पाणी

भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना, मच्छोदरीपासून सायकलने निघावे. ‘मच्छोदरी’ हा मत्स्योदरीचाच अपभ्रंश. सरोवराच्या जागी आता उद्यान आहे. तेथून मैदागिनला यावे. हे नाव मंदाकिनीवरून पडले असून मूळ तलावाचे लहानसे कुंड तेवढे शिल्लक आहे. पुढे बेनियाबाग, म्हणजे जुना वेणी तलाव. त्यानंतर लागणारा गोदौलिया चौक मराठी मनाला विशेष जवळचा वाटेल, कारण गंगेला मिळणाऱ्या ‘गोदावरी’ नावाच्या ओहळावरून हे नाव आल्याचे सांगतात. ओहळ दिसेनासा झाला, तरी पाणी आपली वाट विसरलेले नाही. जोराचा पाऊस झाला की आजही या परिसरात पाणी तुंबते.

गोदौलियाहून लक्सा भागातील लक्ष्मीकुंड पाहून दक्षिणेकडे वळावे. दुर्गाकुंडाचे चौकोनी विस्तीर्ण पात्र आणि त्याकाठचे लाल रंगाचे मंदिर ही नाटोरच्या राणी भवानी यांच्या काळातील देणगी मानली जाते. तुळशीघाटाजवळचे लोलार्ककुंड तर अवश्य पाहावे. तीन बाजूंनी उतरत जाणाऱ्या उभ्या पायऱ्या आणि तळाशी पाणी, अशी त्याची रचना आहे. त्याच्या जीर्णोद्धाराला अहिल्याबाई होळकर व कूचबिहारचे राजे यांचा हातभार लागला. भाद्रपद शुद्ध षष्ठीला अपत्यप्राप्तीच्या इच्छेने हजारो दांपत्ये येथे स्नानासाठी येतात.

ज्यांना अधिक सायकल चालवण्याची हौस आहे, त्यांनी पंचक्रोशीचा मार्ग धरावा. सुमारे 80 किलोमीटरांच्या या परिक्रमेत कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा असे पाच मुक्काम आहेत. पहिल्याच मुक्कामी, कंदवा गावी, तळ्याच्या काठी कर्दमेश्वराचे प्राचीन मंदिर उभे आहे. रामेश्वरचा मुक्काम वरुणेच्या तीरावर आहे. पायी पाच दिवसांची ही यात्रा सायकलने दोन दिवसांत सावकाश होते.

नावेतून : घाट, वाळू आणि बेट

असीघाटावरून नाव केली की प्रवाहाबरोबर राजघाटापर्यंतची सारी घाटमालिका पाहता येते. येथे गंगा उत्तरवाहिनी असल्याने सूर्य पैलतीरावरून उगवतो व सकाळचे कोवळे ऊन थेट घाटांवर पडते. या प्रवासात महाराष्ट्र पावलोपावली भेटतो. अमृतराव पेशव्यांचा राजघाट (रेल्वेपुलाजवळील राजघाट निराळा), अहिल्याबाईंचा घाट, नानासाहेब पेशव्यांनी 1748 मध्ये बांधलेला दशाश्वमेध, बायजाबाई शिंद्यांचा शिंदे घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट एकामागून एक सरकत जातात. पंचगंगा घाटाशी नाव थोडी थांबवावी. कारण काशीतच संत एकनाथांनी 1573 साली आपला भागवतावरील ग्रंथ पूर्ण केला.

पैलतीरी दिसते ती पांढरी वाळू. रामनगर किल्ला ते मालवीय पूल हा सुमारे सात किलोमीटरांचा पट्टा 1989 मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. ते 2020 साली रद्द करण्यात आले. त्यानंतर 2021 मध्ये या वाळूतून एक लांब कालवा खोदण्यात आला, परंतु त्याच वर्षीच्या पुराने त्याची मोठी हानी केली. नदी आपली बेटे स्वतःच घडवते आणि मोडतेही, याचे हे ताजे उदाहरण होय.

खरे वस्तीचे बेट पाहायचे असेल, तर शहराच्या ईशान्येस चिरईगाव विकासखंडातील ‘ढाब’ भागात जावे. गंगेचा मुख्य प्रवाह आणि ‘सोता’ नावाचा तिचा फाटा यांच्यामध्ये रामचंदीपूर, मोकलपूर, गोबरहा आदी गावे वसली आहेत. पुराचा गाळ शेतीला सुपीकता देतो आणि तोच पूर काठची जमीन कापूनही नेतो. येथील शेतकऱ्याच्या खात्यात जमा आणि नावे या दोन्ही नोंदी गंगाच करते.

काही उपयुक्त सूचना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. मात्र डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते, तेव्हा धुके विरल्यावरच निघावे. पावसाळ्यात नावांची वाहतूक बंद ठेवली जाते. वाराणसी येथे गंगेची इशारा पातळी 70.26 मीटर व धोक्याची पातळी 71.26 मीटर आहे, तर 1978 साली पाणी 73.90 मीटरपर्यंत चढले होते. नावेत बसण्यापूर्वी भाडे व फेरीची हद्द ठरवून घ्यावी, जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेली नाव नाकारावी. सायकल घाटाच्या पायऱ्यांवर नेऊ नये. मणिकर्णिका व हरिश्चंद्र घाटांवर छायाचित्रे काढू नयेत. तेथे कुणाचे तरी दुःख ताजे असते.

ठेव जपायला हवी

तळी बुजवण्याचा दोष एकट्या काशीचा नाही. ज्या नानासाहेब पेशव्यांनी दशाश्वमेध घाट बांधला, त्यांनीच पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवून घेतले. तळ्यातला गणपती तेथील बेटावर विराजमान होता. आज गणपती आहे, सारसबागही आहे, पण ते तळे राहिले नाही. मुंबईत धोबी तलाव व गोवालिया टँक ही नावे उरली आणि पाणी गेले. उत्तर प्रदेशातील हिंचलाल तिवारी खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने तळी ही समाजाची संपत्ती असल्याचे स्पष्ट केले आणि ती राखणे हे शासकीय यंत्रणेचे कर्तव्य ठरवले. कायदा असा आपल्या बाजूने आहे. गरज आहे ती नागरिकांच्या जागरूकतेची.

तळे ही पूर्वजांनी पुढील पिढ्यांच्या नावे ठेवलेली मुदत ठेव आहे. तिच्यावरील व्याज विहिरींच्या पाण्यातून आणि पुरापासूनच्या संरक्षणातून मिळत राहते. मुद्दल मोडले की ते व्याजही थांबते. काशीला जाल तेव्हा गंगेबरोबरच एखाद्या कुंडाचेही दर्शन घ्यावे आणि परतल्यावर आपल्या गावचे तळे कोणत्या स्थितीत आहे, याचीही चौकशी करावी.