ऐटीची गाडी, संसाराची गाडी
गोवंडीच्या एखाद्या घरातली ऐटबाज गाडी आजी आणि नातवंडे गावी न्यायच्या दिवशी अडते. असे का? एक जुना दाखला पाहू. तेव्हाच्या टेल्को कंपनीने १९९१ साली सिएरा काढली. डौलदार, पण दारे तीनच : बाजूंना दोन, पाठीमागे एक. मागे बसायचे तर पुढची बैठक वाकवून आत शिरायचे. आजीच्या गुडघ्यांना ते कसे झेपावे? १९९२ साली इस्टेट आली. इंजिन तेच, पण दारे पाच. शिवाय मागे तांदळाच्या गोणीला जागा. म्हणजे चालवण्याची मजा तीच, सोय मात्र वाढली. तेव्हा गाडी बदलताना इंजिन ऐकाच. पण आधी आजीला मागे बसवून पाहा. २०२५ सालच्या नव्या सिएरालाही पाच दारे आहेत!