हा कसला बॅटमॅन!

१९८८ साली राग आला तर तो पाकिटात घालून पाठवावा लागे. कागद घ्या, लिहा, घडी घाला, तिकीट चिकटवा, पेटीपर्यंत चालत जा. एवढा खटाटोप करून अमेरिकेतल्या चाहत्यांनी वॉर्नर ब्रदर्सला सुमारे ५० हजार निषेधपत्रं धाडली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. कारण एकच: बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकल कीटनची निवड झाली होती.

कीटन विनोदी नट. ‘मिस्टर मॉम’मध्ये पोरं सांभाळताना भंबेरी उडालेला बाप आणि ‘बीटलज्यूस’मधलं वात्रट भूत, ही त्याची ओळख. उंची बेताची, केस विरळ. आणि हनुवटी? कॉमिकमधल्या बॅटमॅनची हनुवटी म्हणजे छिन्नीने घडवलेली. चाहत्यांच्या पोटात खरा गोळा आला तो मात्र जुन्या आठवणीने. १९६६ च्या टीव्ही मालिकेने बॅटमॅनला गमतीजमतीचा विषय करून ठेवलं होतं. आता कुठे कॉमिकमध्ये तो पुन्हा गंभीर, काळोखा झाला होता आणि त्याच्या वाट्याला परत विनोदवीर! बोंब इतकी मोठी झाली की ‘वॉल स्ट्रीट जर्नल’सारख्या शेअरबाजाराच्या वर्तमानपत्राने तिला पहिल्या पानावर जागा दिली.

दिग्दर्शक टिम बर्टनचं गणित सरळ होतं. जो आधीच धिप्पाड आहे तो वटवाघळाचा पोशाख चढवेलच कशाला? ज्याला अंगापिंडाने दहशत बसवता येत नाही, त्यालाच ती अंगावर चढवावी लागते. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो.

चाहत्यांना शांत करायला घाईघाईने एक झलक तयार झाली. तिला धड संगीतही नव्हतं. ती बघायला लोक दुसऱ्याच सिनेमाचं पूर्ण तिकीट काढत आणि झलक संपली की उठून जात! जून १९८९ मध्ये ‘बॅटमॅन’ आला आणि त्याने जगभरात ४० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. रबराच्या पोशाखात कीटनला मान वळवता येत नसे, म्हणून तो कमरेपासून सगळाच वळायचा. ती अडचणच पुढे बॅटमॅनची ऐट होऊन बसली.

त्या ५० हजार पत्रांबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याच्याशी देणंघेणं नाही त्याच्यासाठी कुणी पोस्टाच्या तिकिटावर पैसे घालत नाही. आठव्या वर्षी पांघरुणात शिरून वाचलेला नायक हा घरातलाच माणूस असतो. त्याच्या जागी उद्या कोण येणार हे परक्याने ठरवलं, तर घरचे बोलणारच.

सहा फुटी ‘बुटका’

वुल्व्हरिनचं कॉमिकमधलं वर्णन असं: उंची ५ फूट ३ इंच, केसाळ, चिडका, कायम गुरगुरणारा. २००० च्या ‘एक्स-मेन’साठी आधी डगरे स्कॉटला घेतलं होतं. पण ‘मिशन इम्पॉसिबल २’चं चित्रीकरण लांबलं, तो अडकला आणि ऐनवेळी ह्यू जॅकमन आला. सहा फूट दोन इंच, देखणा, लंडनच्या रंगभूमीवर ‘ओक्लाहोमा!’ या संगीत नाटकात गाणारा. चाहत्यांनी डोक्याला हात लावला. आमचा बुटका कुठे आणि हा ताडमाड गवई कुठे?

त्यांना एक गोष्ट तेव्हा कळली असती तर आणखीच हबकले असते. वुल्व्हरिन नावाचा खराखुरा प्राणी असतो, हेच जॅकमनला ठाऊक नव्हतं. नावात ‘वुल्फ’ ऐकून त्याने लांडग्यांचा अभ्यास मांडला, त्यांची चाल उचलली. मग सेटवर कुणीतरी सांगितलं की, बाबा रे, हा लांडगा नव्हे! वुल्व्हरिन म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातलं, पाणमांजराच्या कुळातलं, आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या जनावराशी भिडणारं धिटुकलं श्वापद. हा किस्सा जॅकमन स्वतःच हसत सांगतो.

जोकरची जखम

२००६ मध्ये बॅटमॅनच्या वैऱ्याच्या, म्हणजे जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजरचं नाव आलं तेव्हाचा राग मात्र मला सगळ्यात बोचरा वाटतो. ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’मधला हा गोड पोरगा १९८९ च्या जोकरपुढे, म्हणजे जॅक निकल्सनपुढे काय टिकणार, इथवर ठीक होतं. पण ‘ब्रोकबॅक माउंटन’मध्ये त्याने समलिंगी काउबॉय साकारला म्हणूनही त्याची टवाळी झाली. त्याच सिनेमातलं त्याचं काम डोळे उघडे ठेवून पाहिलं असतं तर जोकरची काळजीच उरली नसती.

लेजरने जवळपास महिनाभर हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. आवाज शोधला, हसू शोधलं, जोकरची म्हणून एक वही भरली. सतत ओठांवरून जीभ फिरवायची त्याची ती अंगावर काटा आणणारी लकबसुद्धा रंगभूषेतून आली: तोंडाशी चिकटवलेले व्रण बोलताना सुटत, ते जागेवर ठेवायला तो जीभ फिरवी. २२ जानेवारी २००८ रोजी, अवघ्या २८ व्या वर्षी तो गेला. ‘द डार्क नाइट’ त्या जुलैमध्ये आला. पुढच्या वर्षी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर घ्यायला मंचावर त्याचे आईवडील आणि बहीण उभी होती.

सरकारदरबारी बॅटमॅन

२०१३ मध्ये बेन अ‍ॅफ्लेक बॅटमॅन होणार म्हटल्यावर तर काहींनी थेट व्हाइट हाऊसच्या याचिका-संकेतस्थळाचा दरवाजा ठोठावला. मागणी काय, तर पुढची २०० वर्षं अ‍ॅफ्लेकने बॅटमॅन साकारणं बेकायदा ठरवावं! बिचाऱ्याच्या नावावर २००३ चा ‘डेअरडेव्हिल’ होता, त्याची ही थकबाकी. जुन्या नटांनाही कशा शिव्या पडल्या होत्या याची कल्पना स्टुडिओने त्याला आधीच देऊन ठेवली होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गल गदोतचं नाव वंडर वुमन म्हणून जाहीर झालं. फारच सडपातळ, अ‍ॅमेझॉन योद्धी शोभत नाही, अशी ओरड झाली. गदोतने इस्रायलच्या सैन्यात दोन वर्षं काढली होती, पण मापं काढणाऱ्यांना त्याचं काय? २०१७ च्या ‘वंडर वुमन’ने ८० कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला. पुढे २०१९ मध्ये ‘ट्वायलाइट’चा चमचमता रक्तपिपासू रॉबर्ट पॅटिन्सन बॅटमॅन झाला, तेव्हा पुन्हा तेच.

जिथे मी चाहत्यांच्या बाजूने नाही

२०११ च्या ‘थॉर’मध्ये इंद्रधनुष्यी पुलाचा राखणदार हाइमडाल इड्रिस एल्बाने केला. नॉर्स देव काळा कसा, म्हणून एका गटाने बहिष्काराची हाक दिली. एल्बाने विचारलं ते रास्तच होतं: उडता हातोडा चालतो, शिंगांचं शिरस्त्राण चालतं आणि रंगापाशीच अडतं? हनुवटीवरचं भांडण पात्रावरच्या मायेतून येतं. हे भांडण त्या मायेतलं नव्हे.

वाचकांनी घडवलेले चेहरे

उलटही घडतं. २००२ च्या ‘द अल्टिमेट्स’ या कॉमिकमध्ये लेखक मार्क मिलर आणि चित्रकार ब्रायन हिच यांनी निक फ्युरी चक्क सॅम्युअल एल. जॅक्सनसारखा काढला. आपल्यावर सिनेमा निघाला तर कोण काम करेल, याची चर्चा पात्रं करतात आणि फ्युरी जॅक्सनचंच नाव घेतो! जॅक्सन स्वतः कॉमिकचा वेडा. त्याने ते पाहिलं आणि २००८ च्या ‘आयर्न मॅन’च्या अगदी शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर, तो फ्युरी म्हणून उभा राहिला.

डोनाल्ड ग्लोव्हरची गोष्ट मला त्याहून आवडते. २०१० मध्ये त्याला स्पायडरमॅन करा म्हणून चाहत्यांनी मोहीम काढली. भूमिका मिळाली नाही. पण ‘कम्युनिटी’ मालिकेत स्पायडरमॅनच्या नाइट ड्रेसमधला ग्लोव्हर लेखक ब्रायन मायकल बेंडिसने पाहिला आणि तेव्हा आकार घेत असलेल्या काळ्या स्पायडरमॅनला, म्हणजे माइल्स मोरालेसला, चेहरा सापडला. २०१७ च्या ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मध्ये ग्लोव्हर आला तो याच माइल्सचा काका होऊन.

जॉन क्रासिन्स्कीला ‘फँटॅस्टिक फोर’मधला रीड रिचर्ड्स करा, हा चाहत्यांचा हट्टही पुरवला गेला. २०२२ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये तो दिसला, थिएटरात शिट्ट्या वाजल्या आणि काही मिनिटांतच जादूगारीण वांडाने त्याच्या रबरी देहाच्या शेवया केल्या.

इकडची बाजू

आपल्याकडे १९९७ पासून दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ गिरक्या घेत होता. मोठ्या पडद्यावर रणवीर सिंग शक्तिमान होणार ही चर्चा २०२४ मध्ये रंगली, तेव्हा सगळ्यात ठाम विरोध केला तो मालिकेत शक्तिमान साकारणाऱ्या खुद्द मुकेश खन्नांनी. पोशाख उतरवूनही भूमिका अंगातून उतरत नाही, ती अशी.

मुंबईचं नाव घेऊन मात्र एक गोड प्रयोग झाला. २०२३ च्या ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये ‘मुंबॅटन’ नावाचं शहर आहे, मुंबई आणि मॅनहॅटन यांची गाठ घातलेलं. तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. सिनेमा आपल्याकडे मराठीसह १० भाषांत आला आणि हिंदी व पंजाबीत पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलने. बॅट्समन झाला स्पायडरमॅन!

आणि जॅकमनची उंची? चाहते ती विसरले नव्हते, सिनेमावालेही नाहीत. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये डेडपूल निरनिराळ्या विश्वांत वुल्व्हरिन शोधत फिरतो. एका ठिकाणी जॅकमन पाठमोरा दिसतो आणि वळतो. तो डेडपूलपुढे चक्क ठेंगणा. कॉमिकमध्ये होता तसाच, बुटका आणि चिडका.